स्टँडखाली

बाबा वर आसनांचे नंबर रंगवायचे
आणि मी खाली, फळ्यांच्या पोटात,
रांगत रांगत लोकांची चिल्लर वेचायची.
सात वर्षांची होते. ऑगस्टात मेळा उठला
की रविवारी सकाळी डबा घेऊन आत शिरायचं.
ऊन पट्ट्यापट्ट्यांनी अंगावर पडायचं
आणि मातीत सापडायचं
गाव.

ही जागा हाल्वर ट्वेटनं दिली, एकोणीसशे एकोणीसला.
मन मोठं होतं, असं पाटीवर लिहिलंय.
आजी म्हणायची, कसलं मोठं मन,
खारवट जमीन ती, गहू पेरला तर मीठ उगवायचं.
लाकूड आलं रेल्वेच्या पडक्या गोदामाचं,
वाकडे खिळे सरळ करायला शाळेतली पोरं बसवली,
अकरा दिवसांत बारा पायऱ्या उभ्या राहिल्या
आणि पहिल्याच शनिवारी, बँड वाजत असताना,
सातवी पायरी पाद्रीबुवांसकट खाली आली.
ते उठले, टोपी झटकली, आठवीवर जाऊन बसले.
सातवीला अजून पाद्र्याची पायरी म्हणतात.

सत्तावीस साली मायते एल्गोरियागा, मेंढपाळाची लेक,
कुणालाच न बधणाऱ्या काळ्या घोड्यावर बसली
आणि शिट्टी वाजली तरी उतरेना.
पंचांनी घड्याळाकडे बघितलं, मग एकमेकांकडे.
पहिलं बक्षीस, खोगीर, दुसऱ्या आलेल्या पुरुषाला,
तिला केक, निळ्या फुलांच्या बशीत.
तिनं स्टँडच्या वरच्या पायरीवर चढून
बशी तिथूनच सोडून दिली.
एक तुकडा माझ्याकडे आहे. अर्धं फूल.

चौतीस साली घोडे नव्हते, धूळ होती.
लोक याच फळ्यांवर बसले सरकारी पिठासाठी,
नंबर पुकारला की एकेक पायरी खाली सरकत.
त्या वर्षाचं मला काही सापडलेलं नाही.
खिशातून पडायला खिशात काही लागतं.

बेचाळीस. कमिटीच्या वहीत एकच ओळ:
यंदा मेळा नाही.
पण माझ्या डब्यात एक सोंगटी आली,
काळी, चपटी, दोन्हीकडून गुळगुळीत.
बाबांना दाखवली तेव्हा त्यांचा ब्रश थांबला.
म्हणाले, त्या उन्हाळ्यात तबेल्यात माणसं ठेवली होती,
बीटच्या शेतांवर राबायला आणलेली, घरादारातून उचलून.
ओकुराद, निशिबाता. त्यांची लहान मुलंही.
दारं अर्धीच, घोड्याच्या मानेच्या मापाची,
भिंतींना वास मारायला चुना.
संध्याकाळी म्हातारे स्टँडवर येऊन बसायचे,
रिकाम्या मैदानाकडे बघत, जणू काही सुरू होणार आहे.
"तुम्ही काय करत होता?"
"नऊ वर्षांचा होतो. कुंपणाला लोंबकळून बघत होतो."
मग त्यांनी दोनशे बाराचा आकडा
दोनदा रंगवला.

पुढचं सगळं डब्यात कालवलेलं:
दिव्यांचे खांब आले त्या वर्षीची बिअरची झाकणं,
वेंडेल स्कारचा दात (तो म्हणतो बैलानं पाडला,
बायको म्हणते बर्फाच्या लॉलीनं),
केसांचे आकडे, एक अंगठी
जिच्याबद्दल विचारायला कधीच कुणी आलं नाही.

गेल्या वर्षी विमा कंपनीचं पत्र आलं.
कमिटीत तीन तास वाद झाला, कॉफी दोनदा संपली,
आणि हात वर झाले नऊ विरुद्ध चार.
चारांत मी होते. आठवड्याभरात फळ्या उतरल्या,
खिळे मात्र कुणी सरळ केले नाहीत.

नवा स्टँड अॅल्युमिनियमचा. उन्हात डोळे दिपतात,
बूड भाजतं, पण सुरक्षित आहे, आणि फटी नाहीत.
उद्घाटनाला मी पाद्र्याच्या पायरीच्या जागी बसले,
वासराला फास पडला, सगळे ओरडले,
तेवढ्यात मी हळूच एक नाणं सोडलं.
ते पायाशीच पडलं, थोडं गरगरलं, आडवं झालं.
मागच्या पोरानं वाकून उचललं.
"आजी," म्हणाला, "तुमचं पडलं."