तुरळक ठिकाणी

पहाटे पाचला सणस फुगा सोडतो.
हायड्रोजननं टम्म, खाली दोरीला लोंबणारा पांढरा डबा,
पहिल्यांदा शाळेला निघालेल्या पोरासारखा.
सणसला वीस वर्षं झाली, पण हात लगेच सुटत नाही त्याचा.
चार पावलं पळतो मागे, कुंपणापर्यंत.

मग डबा वरून सांगत राहतो:
इतकी ऊब, इतकी ओल, वारा या अंगाचा.
मी रेघ ओढते. संगणक ओढतो, खरं तर,
पण पेन्सिल हातात असल्याशिवाय मला हवा दिसत नाही.

आज खाली अरबी समुद्राची ओल,
वर वायव्येचा कोरडा ठणठणीत वारा,
आणि मधे, दीड किलोमीटरवर, साय.
दुधावरची. खाली सगळं तापत राहतं
आणि वरून शांत दिसतं.
फाटली नाही, तर नुसता उकाडा.
फाटली, तर
आई म्हणायची, बघत उभं राहिलं की दूध वर येत नाही,
पाठ वळली की जातं उतू.
माझी नोकरी बघत उभं राहण्याची.

अकराला फोन. इलियास तांबोळी, मांडववाले, मांजरी.
"मॅडम, संध्याकाळी लॉनवर लग्न. आठशे पान. पडेल का?"
मी वाचलं, लिहिलं होतं तसं:
तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी वारे, गारपिटीची शक्यता.
"तुरळक म्हणजे माझ्या मांडवावर, की शेजारच्या?"
चारातल्या एका ठिकाणी, किंवा त्याहून कमी, मी म्हटलं.
"मग बाकीच्या तिघांना कशाला घाबरवता?"
मी हसले.
हसून झाल्यावर काही म्हणणार होते.
म्हटलं नाही. फोन ठेवला.

अडीच. एक्केचाळीस अंश.
सिंहगडामागे फ्लॉवरचा एक गड्डा उगवला.
उपग्रहाचं चित्र अर्ध्या तासानं येतं,
ढग तेवढा थांबत नाही.
कात्रजवर आला, माथा चपटा झाला ऐरणीसारखा,
गुरगुरला, धनकवडीत चार थेंब टाकले
आणि मेला.
सुटलो, कुणीतरी म्हणालं. चहा सांगितला.

पण मेलेला ढग श्वास सोडतो.
गार, जड, जमिनीलगतचा.
कोंढव्याच्या पत्र्यांखालून, वानवडीतल्या वाळत घातलेल्या चादरींखालून
तो सरपटत गेला पूर्वेला
आणि तिथल्या तापलेल्या हवेच्या पायाखाली
त्यानं पाचर ठोकली.
साय तिथं फाटली. हडपसरच्या पुढे, चार वाजून दहा मिनिटांनी.
माझी पाठ वळलेली. हातात कप.

प्रशिक्षणात आम्हाला परदेशी चक्रीवात दाखवले होते,
सपाट मुलखातले, सोंड खाली सोडून चालणारे.
इथं सोंड नाही. इथं वारा वरून आदळतो,
फरशीवर बादली उपडी करावी तसा,
आणि चहूकडे धावतो.
लिंबाएवढ्या गारा.
ताशी ऐंशी किलोमीटर, नंतर कळलं.

सहाला मीच फोन लावला. नियमात बसत नाही.
वाजत राहिला.
वाजत राहिला.
"बोला मॅडम."
मांडव?
"कापड दुपारीच उतरवलं. नुसते बांबू ठेवले, वारा आरपार गेला.
शेजारच्याचं छत कालव्यात पडलंय."
मी तर तुरळकच म्हटलं होतं.
"हो. पण हसल्यावर जरा थांबलात तुम्ही.
आमची बायको अशी थांबते ना,
तेव्हा मी मुकाट ऐकतो."

नोंदवहीत रकाने आहेत:
तापमान, दाब, गारांचा व्यास, अंदाज बरोबर की चूक.
मी "बरोबर" लिहिलं, मग पेन्सिलीनं
शेजारी बारीक एक प्रश्नचिन्ह,
सणसनं पुसलं तर पुसो.

लग्न लागलं का,
ते विचारायचं राहूनच गेलं.