पोकळी

देवबागच्या या पट्टीवर चिरा आणायचा
तर चिऱ्याहून टेम्पोचं भाडं जास्त.
म्हणून ब्लॉक.
भरीव की पोकळ, यात आठ दिवस गेले.
पास्कू गवंडी दोन्हींवर थापीचा दांडा वाजवून
कान लावून ऐकतो.

"समुद्राकडली भिंत भरीव घेवया.
बाकी पोकळ, कोपऱ्यांत सळी.
आणि खाडीची रेती नको, मीठ सळयेक खाता."
एकोणीस हजार वाचले. तेवढ्यात एक खिडकी होते.

मग म्हणाला,
"खंय काय टांगूचा ता आत्ताच सांगा.
मागीर खिळो मारल्यात, तर तो भितूर गडप."

गुडघ्याएवढ्या घरात उभे राहून
आम्ही हवेत बोटं दाखवतो:
इथे टीव्ही. इथे मांडणी.
इथे बाबांचा फोटो.
पास्कू त्या-त्या ब्लॉकवर खडूने फुली मारतो.
तेवढ्या पोकळ्या खालपासून वरपर्यंत भरायच्या.

आये उशिरा आली, सुंगटं सोलून,
हात अजून ओले.
फोटोची फुली कुठली ते विचारलं,
आणि शेजारच्या ब्लॉकवर पंजा टेकला.
"ह्यो पण भर."

काय टांगायचं, ते पास्कूने विचारलं नाही.
ओल्या पंजावर खडू उठेना,
तरी दोनदा ओढला.