त्याच जागेवरून

साहेब म्हणाले, दर सोमवारी एक फोटो.
जागा तीच, वेळ तीच, सव्वादहा.
पुण्याला पाठवायचा, प्रगतीचा म्हणून.
सोमवारी स्टोअर्समध्ये माल उशिरा येतो
आणि माझ्या मोबाइलचा कॅमेरा बरा आहे,
एवढ्यावर माझी निवड झाली.

अंबडच्या जुन्या शेडचा स्लॅब. पाण्याच्या टाकीला लागून
स्टँडच्या तीन पायांखाली मी तीन ठिपके दिले.
पॅनेलवर ‘धोका’ लिहितात ना,
त्यातला उरलेला पिवळा.

पहिल्या फोटोत बाभळी आणि फक्कीच्या रेघा.
मागे अख्खा पांडवलेणीचा डोंगर,
मोठं करून पाहिलं तर चढणारी दोन माणसंसुद्धा.
दुसऱ्यात खड्डा.
तिसऱ्यात तोच खड्डा, जास्त काळा:
मुरूम संपून पाषाण लागला होता,
ब्रेकरवाला चार दिवस बिडी ओढत बसलेला.
चौथ्यात खड्ड्यात पाणी, पाण्यात ढग.
साहेब म्हणाले, हा पाठवू नको.

नवव्या सोमवारी वर गेले
तर काही म्हणजे काही बदललेलं नव्हतं.
सुरगाण्याचा मोतीराम भोये
कॉलमांना गुंडाळलेल्या गोणपाटावर पाइपाने पाणी मारत होता.
मी वरून ओरडले, भाऊ, आठवडाभर केलंत काय?
तो पाइप न थांबवता म्हणाला,
बाई, भात शिजताना तुम्ही
झाकण काढून फोटो काढता का?

मी मेलमध्ये लिहिलं: पाणी मारणे चालू.
पुण्याहून विचारणा आली,
फोटो मागच्याच आठवड्याचा जोडलाय का?

नंतर मजले भराभर चढले.
पंधराव्या फोटोत डोंगराचा पायथा गेला.
बाविसाव्यात लेणी.
सव्विसाव्यात नुसता माथा, लिफ्टच्या खोलीशेजारी
कुणाची तरी विसरलेली टोपी ठेवावी तसा.
तिसाव्यात तोही नाही.
तिथे दगड काढत काढत खोल्या झाल्या,
इथे भरत भरत.
त्यांच्या सोमवारांचे फोटो नाहीत.
बराच वेळ झाकण ठेवून
कुणीतरी काहीतरी शिजू दिलं असणार.

मोतीरामची टोळी मधेच कधीतरी गंगापूर रोडला गेली.
शोधलं तर नवव्या फोटोत तो आहे,
म्हणजे पाइप आहे, आणि कोपरापर्यंतचा हात.

अठ्ठेचाळिसाव्या सोमवारी सामान हललं.
रॅक, वजनकाटा, अकरा वर्षांची चलनं,
आणि कुणालाच नको असलेला गणपतीचा लाकडी चौरंग,
तो मी माझ्या टेबलाखाली घेतला.
सव्वादहाला सवयीने जिना चढू लागले
तर जिना नवा.
तिसऱ्या मजल्याच्या काचेवरचा निळा कागद अजून निघालेला नव्हता.
एक कोपरा नखाने सोलला
आणि खाली शेड दिसली.
इतकी बुटकी.
पत्र्याला मी कधी न पाहिलेलं ठिगळ,
टाकी, टाकीपाशी तीन ठिपके.

सत्तेचाळीस फोटोंत ती एकदाही नाही.
कशी असेल, मी तिच्यावरच उभी होते.

फोटो काढला. थोडा निळसर आला.
प्रगतीच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना,
रकाना तसाच सोडला आणि पाठवून दिला.

दुपारी उत्तर आलं: जागा चुकली आहे.
कृपया परत काढावा.

परत काढायला स्टँड घेऊन खाली गेले
तेव्हा टाकी दोरांनी उतरवत होते.
माझ्या ठिपक्यांवर एक पोरगा उभा,
दोन्ही हात वर करून
हळू, अजून हळू, म्हणत होता.