दोन बोटांची नाडी

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी टॉवेलच्या कडा शिवते.
एकवीस वर्षं.
पाठीशी राजेशमच्या मागाचा खडखडाट,
पुढ्यात पांढऱ्या टॉवेलांचा ढीग,
प्रत्येकाच्या काठात एका बेटाचं नाव विणलेलं.
इंग्रजी मला येत नाही,
पण सुलटं कुठलं नि उलटं कुठलं
ते बोटांना कळतं.

शेठ म्हणायचे, तिकडचा समुद्र निळीच्या बादलीसारखा,
आणि एकेक पाहुणा दिवसाला तीन टॉवेल ओले करतो.
आम्हाला बरंच होतं.
ते पुसणार तितकं आम्ही शिवणार.
घरी नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला.
तो हिशेब आणि हा हिशेब
एका वहीत मांडावा असं सुचलं नाही कधी.

मग गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर
बेटावरचा माणूस आला, खरेदीखात्याचा.
यूसुफ दीदी.
आडनाव दीदी! पोरी पदर तोंडाशी धरून हसल्या.
तोही हसला, हिंदीत म्हणाला,
स्टेशनपासून सगळे हसतायत, चालू द्या.

चप्पल दारात काढली, कुणी सांगायच्या आधी.
मागाचा फोटो हवा होता, तर राजेशमला विचारलं.
राजेशम नाही म्हणाला (बनियन फाटका होता),
तर मोबाइल खिशात गेला, पुन्हा निघाला नाही.
शेंगाचटणीनं नाक-डोळे वाहिले,
पण ताटात कण ठेवला नाही.
लॉजवर दुसरी बादली परत पाठवली म्हणे.

सिद्धेश्वराच्या तळ्याचं ड्रायव्हर मल्लिनाथनं सांगितलं:
पाण्यातलं देऊळ बघून पाहुणा म्हणाला,
म्हणजे तुम्हीही बेटवालेच की.
मग काठाशी तरंगणाऱ्या निर्माल्याच्या पिशवीकडे
बघत राहिला, बोलला काही नाही.
मल्लिनाथनंही बघितलं.
एरवी तो बघत नाही.

निघताना ऑर्डर सांगितली. निम्मी.
शेठचा चेहरा ओल्या सुतासारखा लोंबला.
तो सांगत होता, आमचं गोडं पाणी यंत्रातून येतं,
यंत्र डिझेल पितं,
साबणाचा फेस पोवळ्यांवर जाऊन बसतो.
आता पाहुण्यांना म्हणतो, टांगा, वाळवा, उद्या तोच घ्या.
पण टांगणार कशाला?
माझ्या मशीनवरची सुती पट्टी त्यानं उचलली,
दुमडली, टॉवेलच्या कोपऱ्याला धरली.
एवढीशी.
दोन बोटं.

नाडीमागे चाळीस पैसे वाढले.
निम्म्या ऑर्डरीत ते दिसलेसुद्धा नाहीत.
सरोजनी बुराला घरी बसवलं,
ती आता विड्या वळते.
बाजारात भेटली की मी भाव विचारते मेथीचा.
तिला काय सांगू, पोवळी वाचतायत म्हणून?

तरी नाडीला मी टाका दुहेरी घालते.
कुणी सांगितलेलं नाही.
कुणीतरी परका माणूस तिकडे, अंघोळीनंतर,
क्षणभर थांबेल, जमिनीवर टाकू की नको,
तेवढ्यात ती बोटाला लागावी.
तुटली तर मग झालंच.

काल पाण्याचा दिवस होता.
अडीचला उठून हंडे भरले, पिंप भरलं, तांब्यासुद्धा.
मोरीत खिळ्याला माझा टॉवेल,
काठात तेच बेट, पण उलटं विणलेलं,
म्हणून सेकंडमध्ये मिळालेला, सात वर्षं झाली.
त्याला नाडी नाही.
खिळ्यानं कोपऱ्याला भोक पडलंय,
दर पाचव्या दिवशी जरा मोठं होतं.
पट्टीचा तुकडा पर्समध्ये आहे कधीचा.
लावीन म्हणते.