स्रोत : १

सातपूरला, पपया नर्सरीच्या चौकातून आत,
शेडवर चढवलेल्या वरच्या मजल्यावर
बेचाळीस संगणकांत मदतनीस बसवायला
मी सोमवारी सकाळी पोचलो.
खाली प्रेस ठोकत होते. दर चार सेकंदांनी
कपातला चहा कपातल्या कपात दचकायचा.

पहिले दोन दिवस बटणच दिसेना.
लायसन्स दिलेलं, अपडेट झालेलं,
तरी पट्टीच्या उजव्या टोकाला नुसती मोकळी जागा,
दात पडल्यासारखी.
"साइन आउट करा, परत या,"
हे मी इतक्यांदा म्हटलं
की स्टोअरचे अहिरराव खरंच खुर्ची सरकवून उठले,
दाराबाहेर गेले, पायपुसण्यावर पाय पुसले
आणि परत आले.
कुणी हसलं नाही. मीही नाही.
मंगळवारी संध्याकाळपर्यंत आम्ही सगळेच
कशालाही तयार झालो होतो.

बुधवारी उगवलं एकदाचं.
मराठीत विचारलं की हिंदीत बोलायचं.
भाषेची सेटिंग बदलली, तर असं मराठी
की परचेसच्या मुलीने हळूच विचारलं,
"सर, 'प्रलंबित देयकांचे अवलोकन' म्हणजे
उधारीच ना?"
उधारीच.

गुरुवारी डिस्पॅच.
शैलजा खैरनार, बावीस वर्षं याच टेबलावर,
अंगठ्याला स्टॅम्प पॅडची निळी शाई.
दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत,
त्यांनी पहिला प्रश्न टाइप केला:
माझी रजा किती शिल्लक आहे
मार्चनंतर घेतली तर चालेल का
प्रश्नचिन्ह सापडलं नाही म्हणून राहिलं.

तीन ठिपके नाचले. मग:
आपल्या एकोणीस रजा शिल्लक आहेत.
तथापि ३१ मार्चनंतर 'कमी करावयाची पदे'
या यादीत आपले नाव ओळ सात वर आढळते.
आणखी काही मदत हवी आहे का?

खाली बारीक आकडा. एक.
मी त्यावर टिचकी मारली
आणि पेखळे साहेबांची फाइल सरळ उघडली.
तीन वर्षांपूर्वी, ऑडिटच्या घाईत, कुणीतरी
ते फोल्डर 'सर्वांसाठी' करून ठेवलेलं,
नंतर विसरलेलं.
कडी नव्हतीच दाराला.
आजवर कुणी लोटून पाहिलं नव्हतं, इतकंच.

"हे चुकतं ना कधी कधी?" त्या म्हणाल्या.
तळाशी फिक्या अक्षरात लिहिलेलंच असतं,
उत्तरे चुकीची असू शकतात.
मी त्या ओळीवर बोट ठेवलं.
इतक्या ऑफिसांत हे बसवलं,
ती ओळ कुणाला दाखवायची वेळ कधी आली नव्हती.
त्यांनी चष्मा वर करून ती वाचली,
मग चष्मा खाली करून ओळ सात.

पेखळे साहेबांचा फोन आला. आवाज मऊ.
"आधी ते बंद करा हो. बाकी बघू."
बंद केलं. तीन नावं ठेवली, बाकी सगळी काढली.
वाट पाहिली, कारण याला विसरायलाही
थोडा वेळ लागतो.
मग त्यांच्याच लॉगिनवरून तोच प्रश्न, तसाच,
प्रश्नचिन्हाशिवाय.
आपल्या एकोणीस रजा शिल्लक आहेत.
आणखी काही मदत हवी आहे का?

तक्रार क्रमांक एकशे अठरा.
कारण: परवानगी.
उपाय: केला.
स्थिती: बंद.
शेरा हा रकाना ऐच्छिक आहे.

सहा वाजता कंपनीची बस फाटकाशी घरघरत होती.
शैलजाताईंनी डबा पिशवीत घातला,
शिक्के खणात ठेवले, खणाला कुलूप लावलं,
ओढून पाहिलं.
"तुम्ही पाहिलीत ना यादी?
माझं राहू द्या.
ओळ सहा कोण आहे, तेवढं सांगा."

मी पाहिली होती.
मी वायर गुंडाळत राहिलो.

तेवढ्यात दारात अहिरराव.
"सर, बटण परत गेलं माझं.
बाहेर जाऊन येऊ का?"