खालची चोच

इलिदिया ब्रुमच्या खोलीला एकच खिडकी.
खिडकीत समोरच्या पीको बेटाचा डोंगर,
बहुतेक दिवस ढगात.
ती बघत नाही. तिच्यापुढे पसरट बशी,
बशीत एका देवमाशाच्या पोटातून निघालेल्या
चार हजार एकशे सहा चोची.

पक्ष्यांच्या नव्हेत, माकलींच्या.
मांस विरतं, डोळे विरतात,
शाईची पिशवीसुद्धा विरून जाते,
चोच तेवढी पचत नाही.
चोच दिली तो चारा देतो म्हणतात.
दिला असेल. मग एके दिवशी
चोचवालीलाच चारा केलं.

वरची चोच बाजूला सार, ती घोळात घेते.
खालची बोलते.
पाखांचा काळेपणा म्हणजे वय,
धारेची लांबी म्हणजे वजन,
आणि खांद्यापाशी दात आहे की नाही
यावरून कूळ लागतं.
संघ मृदुकाय, वर्ग शीर्षपाद:
इथपर्यंत गोगलगायीची भावकी
मुकाट्यानं मान्य करायची.
पुढच्या पायऱ्या खाली उतरतात,
आणि प्रत्येक पायरीवर
उजेड थोडा कमी.

ही हिस्टिओट्यूथिस. बशीतली निम्मी हिचीच.
जिवंतपणी हिचा डावा डोळा
उजव्याच्या दुपटीहून मोठा.
डावा वर लागलेला, जिथून दिवसाचा
शेवटचा निळा झिरपतो.
उजवा खाली, जिथे फक्त
दुसऱ्यांचे दिवे.
अंगभर ठिपके, पोटाकडे दाट,
वरून येईल तेवढाच उजेड खाली सोडायचा,
म्हणजे खालून बघणाऱ्याला
सावली दिसत नाही.
दिवा लावून लपणारी बाई.
चोचीत यातलं काही नाही.
चोच काळी, कोरडी, नखासारखी.

आणि ही टानिन्गिया.
अंगठ्याएवढी, जड, बशीत पडली की वाजते.
जन्मतः दहा, मोठेपणी आठ:
ते दोन लांब हात कधी गळाले
तिचं तिलाच ठाऊक.
राहिलेल्यांतल्या दोघांच्या टोकाला
लिंबाएवढा एकेक दिवा,
आणि दिव्याला पापणी.

पापणीचं नाव निघालं
तसा सेराफीं मामा खुर्चीत सावरून बसला.
चौऱ्याहत्तर साली मी कारखान्यात, तो म्हणाला,
साओ रोकच्या धक्क्यावर. रात्रपाळी.
आम्ही पोट फाडलं.
वाफ, वास, गुडघाभर लगदा.
त्यात एक हात होता, माझ्या मांडीएवढा.
कंदील लांब होता, इलिदिया.
टोकाशी उजेड झाला, हिरवट.
मग मिटला. मग परत.

मेलेलं होतं, ती म्हणते.
मेलेलंच होतं.
जिवाणू असतील, मामा. कुजताना चमकतं कधीकधी.
असेल. पण जिवाणू डोळा मिचकावतात का?

तिनं पेन्सिल घेतली. कुठला हात? दुसरी जोडी?
डावा की उजवा?
अगं, तो माझ्याकडे बघत होता.
माझा डावा म्हणजे त्याचा कुठला
ते तूच ठरव.

नोंदवहीत रकाने सहा:
क्रमांक, धार मिलीमीटरमध्ये, रंग,
कूळ, प्रजाती, शंका.
तिनं शंकेच्या रकान्यात
तारीख लिहिली नुसती, चौऱ्याहत्तर,
आणि खोडरबर हातात घेऊन
बराच वेळ काही खोडलं नाही.

बाहेर बंदरात नौका लागली.
पर्यटकांनी देवमासे पाहिले म्हणे आज,
तीन शेपट्या, मग पाणी.
चाळीस मिनिटं खाली राहतात ते,
किलोमीटरभर, अंधारात,
जिथे मिटणारे उघडणारे डोळे
नुसते डोळे नसतात.

मामानं बशीतली ती मोठी चोच उचलली,
उरलेल्या तीन बोटांत धरली,
अंगठा टोकावर दाबला.
सुईच्या टोकाएवढं रक्त.
चावते अजून, तो म्हणाला,
आणि खुशीत अंगठा चोखला.