भिन्नमताचं पान

समितीत सात जण, आणि आठवा मी,
टिपणं घेणारा, रोजंदारीवर.
खारवंडच्या शाळेनं चौथीचा वर्ग रिकामा करून दिला.
फळ्यावर आदल्या दिवशीचे अपूर्णांक तसेच होते,
ते आठवडाभर कुणी पुसले नाहीत.

पहिल्या दिवशी एका शब्दावरच अडलं.
अंगावर बाहेरून पडतं ते वेगळं, डॉ. हेमांगी पावसकर म्हणाल्या,
आणि घासातून, श्वासातून आत जाऊन बिऱ्हाड करतं ते वेगळं.
मसुद्यात होतं इंटर्नल.
मी 'आंतरिक' लिहिलं, ते समाधानासारखं वाटलं.
'आभ्यंतर' लिहिलं, ते गाभाऱ्यासारखं.
शेवटी 'पोटात गेलेलं' लिहिलं.
अध्यक्षांनी लाल शाईनं खोडलं:
अहवालाला पोट नसतं.

मग नमुने. खाडीचा चिखल, तीन विहिरींचं पाणी,
बोय, काळुंद्रं, तिसऱ्या,
आणि सतरा बायांची चोवीस तासांची लघवी
पांढऱ्या कॅनांत, ओट्यावर ओळीनं,
लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवाव्यात तशी.

खैरुन होडेकर कालवं फोडत होती.
वैशंपायन सर तिच्यासमोर उकिडवे बसून समजावत होते:
मात्रा इतकी बारीक, की अवयवभर पसरली
तर उरतच नाही काही.
मी 'तर'खाली रेघ मारली.
कोयतीचं टोक शिंपल्यात तसंच ठेवून ती म्हणाली,
'सायेब, घशात काटा अडकला
तर तो अख्ख्या अंगानं वाटून घ्यायचा काय वो?
पायाला काय ठावं, गळ्यात काय हाय?'

सरांनी चष्मा पुसला.
पावसकरबाईंनी माझी वही ओढून घेतली
आणि स्वतःच्या हातानं ते उतरवलं,
'काय वो'सकट.

दुपारी तिच्याकडेच जेवलो. तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी.
धोका नाही म्हणणारे वैशंपायन
आम्लपित्ताचं कारण सांगून दहीभातावर थांबले.
सांगता येत नाही म्हणणाऱ्या पावसकरबाई
दुसऱ्यांदा वाढून घेऊन शिंपल्या चोखत राहिल्या.
याची नोंद कुठल्या रकान्यात करायची
ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या रात्री वीज गेली आणि भांडण झालं
एका वाक्यावरून.
अंदाज दहापट इकडे चुकू शकतो, किंवा दहापट तिकडे:
हे ठळक छापायचं, की तळटीपेत?
मेणबत्तीभोवती सात शिकलेली डोकी,
बाहेर कुणाचं तरी इंजिन सुरू होत नव्हतं,
दोरी ओढल्याचा आवाज, पुन्हा ओढल्याचा.
चौघांनी सही केली. दोघांनी वेगळं पान मागितलं.
फणसोपकर पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले,
सकाळी निघून गेले, ताप आहे म्हणाले.

अहवाल छापून आला आठ महिन्यांनी.
गावची प्रत घेऊन मी तरीतून खाडी ओलांडली, स्वतःच्या खर्चानं.
खैरुननं आधी विचारलं, 'माझी बाटली पास झाली?'
मर्यादेच्या आत, म्हटलं.
मग, 'काटा घातला का माझा?'

पान एकशे त्रेचाळीस. भिन्नमत. तळापासून चौथी ओळ.
नाव काढलं होतं: 'एका स्थानिक रहिवाशाने असे सुचवले की.'
'काय वो' गेलं होतं. घसा राहिला होता.
तिला वाचता येत नाही. कुठं ते दाखव, म्हणाली.
तिचं बोट ओलं होतं, कालवांच्या पाण्याचं,
तिनं ते ओळीवर टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.
शाई किंचित फुटली.

परत आलो धक्क्यावर तेव्हा ओहोटी लागलेली.
तर चिखलात बसली होती, एका कुशीवर.
पाणी चढेल तेव्हा, तांडेल म्हणाला,
आणि बिडी शोधायला लागला.